क्रियापदाचा कर्ता कोण?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही एका छोट्या मंडळीत साहाय्यक पाळक आहात. दर आठवड्याला उपदेश करावा लागतो, शिकवायला जवळ कुणी नाही, म्हणून मोबाईलवर अमेरिकन प्रचारक ऐकता. त्यातला एक जण बायबलचं एकच पुस्तक घेऊन वचनामागून वचन जातो. दुसरा जीन्स घालून वीस मिनिटांत एकच मुद्दा ठसवतो. तिसरा कुठलाही उतारा घेतला तरी क्रूसापाशी पोचतो. चौथा म्हणतो, हे वर्ष तुमच्या आशीर्वादाचं आहे, फक्त तोंडाने बोला. चौघेही स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवतात. मग खरा कोण? शिवाय ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत तुम्हाला बायबलमधल्या यिर्मया २९:११ या वचनावर बोलायचं आहे आणि पोटात गोळा आलाय.

मी तीस वर्षं उपदेश करतोय, आणि त्यातली निम्मी वर्षं इतरांना शिकवण्यात गेली. वर्गात मी एक खेळ घेतो. छापलेला उपदेश आणि लाल पेन्सिल देतो. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि समासात त्याचा कर्ता लिहा. देव, ख्रिस्त, मी, तुम्ही, जो असेल तो. तासाभरात समास भरतो, आणि त्या प्रचारकाचं धर्मज्ञान त्याने जाहीर केलेल्या श्रद्धेपेक्षा त्या समासात स्पष्ट दिसतं. ‘देवाने केलं’ ही वाक्यं जास्त आहेत की ‘तुम्ही करा’ ही? ‘करा’च्या आधी ‘केलं’ आलंय का? तुमच्या चौघांनाही याच पेन्सिलीने तपासू.

इव्हँजेलिकल म्हणजे कोण, यावरही वाद आहेत. इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये चार खुणा सांगितल्या आणि त्याच बहुतेकांनी उचलल्या: बायबलवर भर, क्रूसावर भर, व्यक्तीचं अंतःकरण पालटलं पाहिजे हा आग्रह, आणि हातापायांनी काम करण्याची ओढ. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी याच मुशीतले. म्हणजे ही मंडळी आपल्याला परकी नाहीत, पण त्यांच्या घरात गेल्या पन्नास वर्षांत काय काय झालं ते आपल्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचलं. म्हणून गोंधळ होतो.

जीन्सवाल्यापासून सुरू करू. १९७५ मध्ये शिकागोजवळच्या पॅलेटाइन गावात काही तरुणांनी एक सिनेमा थिएटर भाड्याने घेऊन उपासना सुरू केली. त्याआधी बिल हायबेल्स आणि त्यांचे सोबती दारोदार जाऊन लोकांना विचारत होते की तुम्ही चर्चला का जात नाही? उत्तरं ठरलेली: कंटाळवाणं असतं, सारखे पैसे मागतात, माझ्या जगण्याशी त्याचा संबंध नाही. त्या थिएटरच्या नावावरून विलो क्रीक चर्च उभं राहिलं. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात रिक वॉरन यांनी सॅडलबॅक चर्च सुरू करताना परिसराचा असाच अंदाज घेतला. बाहेरच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बोलायचं, चर्चची बोली गाळायची, विषय त्याच्या घरातला घ्यायचा. ताणतणाव, संसार, मुलं, पैसा.

या प्रवाहाला नाकं मुरडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी मुरडत नाही. दारोदार जाऊन ‘का येत नाही’ असं विचारणारे किती पाळक तुम्ही पाहिलेत? आणि आपली चर्चची मराठी बाहेरच्याला खरंच कळत नाही. ‘कोकऱ्याच्या रक्ताने धुतलेले’ हे वाक्य शेजारच्या काकूंना ऐकवा आणि त्यांचा चेहरा बघा.

पण लाल पेन्सिल घेतली की अडचण दिसते. विषय श्रोत्याच्या गरजेतून निघाला की वचन पुराव्याला येतं, साक्षीदारासारखं. बोलावल्यावर दोन वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. सगळी क्रियापदं आज्ञार्थी होतात: माफ करा, वेळ काढा, बजेट आखा. सल्ला चांगलाच असतो. त्यासाठी ख्रिस्ताने मरायची गरज मात्र नव्हती. २००७ मध्ये विलो क्रीकने स्वतःचीच पाहणी जाहीर केली आणि प्रामाणिकपणे कबूल केलं की माणूस कार्यक्रमांत जास्त येऊ लागला म्हणून देवावर आणि शेजाऱ्यावर जास्त प्रेम करू लागतो असं नाही. त्याच्या दोन वर्षं आधी क्रिश्चन स्मिथ आणि मेलिंडा डेंटन या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकन किशोरांशी बोलून निष्कर्ष मांडला होता. या मुलांचा खरा धर्म असा की देव आहे, आपण चांगलं वागावं, आनंदी राहावं, अडचण आली की त्याला हाक मारावी, एरवी तो लांबच बरा. ही मुलं असल्याच उपदेशांवर वाढली म्हणून तसं झालं, असं मी सिद्ध करू शकत नाही. पण ज्या उपदेशात देव एकाही क्रियापदाचा कर्ता नसतो, तो ऐकून मूल दुसरं काय शिकेल?

एका मुद्द्याचा उपदेश ही मात्र वेगळी गोष्ट आहे, ती यात कालवू नका. अटलांटाजवळचे अँडी स्टॅन्ली तो फार कौशल्याने करतात. पण त्याचं जुनं आणि कडक रूप उपदेशकला शिकवणाऱ्या हॅडन रॉबिन्सन यांनी १९८० मध्ये पाठ्यपुस्तकात मांडलं. त्यांच्याकडे मुद्दा श्रोत्याकडून नव्हे, उताऱ्याकडून येतो. उताऱ्याला दोनच प्रश्न विचारायचे: हा कशाबद्दल बोलतोय? आणि त्याबद्दल काय म्हणतोय? दोन्ही उत्तरं जोडून एक वाक्य होईपर्यंत टेबलावरून उठायचं नाही. मी आजही शुक्रवारी रात्री हेच करतो. वाक्य जमत नसेल तर दोष बहुतेक वेळा माझाच असतो. मला उताऱ्यात जे हवंय ते तिथे नसतं.

आता तुमचा चौथा, आशीर्वादवाला. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण महाराष्ट्रातल्या मंडपांत आणि हॉलमध्ये खरा जोर याचाच आहे.

या शिकवणीची मुळं ई. डब्ल्यू. केनियन या अमेरिकन प्रचारकापर्यंत जातात. तिला आजचा आकार केनेथ हेगिन यांनी दिला: विश्वासाने तोंडातून काढलेला शब्द परिस्थिती बदलतो. ओरल रॉबर्ट्स यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९४७ मध्ये त्यांची नजर योहानाच्या तिसऱ्या पत्राच्या दुसऱ्या वचनावर पडली. तिथे योहान गायसाला लिहितो की तुझ्या जिवाचं बरं चाललंय तसंच तुझं सर्व बाबतींत बरं चालावं आणि तुला आरोग्य असावं. रॉबर्ट्स यांना त्यात देवाचं समृद्धीचं अभिवचन दिसलं आणि पुढे दान म्हणजे बियाणं, पेराल तसं पिकेल, ही शिकवण फोफावली. आज ह्यूस्टनमध्ये जोएल ऑस्टीन यांचं लेकवूड चर्च जिथे भरतं तो एके काळचा बास्केटबॉलचा अरीना आहे, सोळा हजार खुर्च्यांचा. ऑस्टीन यांचा सूर हेगिन यांच्यापेक्षा पुष्कळ मवाळ आहे, पण कुळी तीच.

आता ते वचन आपल्या आजोबांच्या पत्रांशेजारी ठेवा. ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे.’ असं पत्र घेऊन कुणी कोर्टात गेलं का, की आजोबांनी क्षेमाची हमी दिली होती? योहानाचं ते वाक्य पत्राचा मायना आहे. मनापासूनची सदिच्छा आहे, प्रार्थनाही आहे. करार नाही. मायन्यावर इमला बांधला की पहिल्या आजारपणात तो कोसळतो.

व्याकरणाकडे बघा. या उपदेशांत देव दिसतो भरपूर, पण त्याचं क्रियापद प्रयोजक असतं. माणूस बोलतो आणि देवाकडून करवून घेतो. माणूस पेरतो आणि देवाला द्यायला लावतो. मूळ कर्ता माणूसच, देव मधला. हाच धागा धरून गेलात तर मग काही झालं नाही तर दोष कुणाचा, हेही आपोआप ठरतं. माझ्या ओळखीच्या एका बाईचं दुसरं बाळ गेलं. त्यानंतर एका सभेत तिला सांगण्यात आलं की तुझा विश्वास तोकडा पडला. ती त्यानंतर दोन वर्षं कुठल्याच चर्चची पायरी चढली नाही. मी तिच्या घरी जात राहिलो. बायबल उघडायची हिंमत मला सहा महिने झाली नाही, आणि उघडलं तेव्हा स्तोत्र ८८ उघडलं, जे अंधारातच संपतं.

तरीसुद्धा, मंडपातल्या लोकांना भोळे म्हणू नका. ज्याच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज आहे आणि घरात डायलिसिसचा पेशंट आहे, त्याला ‘तारण आत्म्याचं असतं’ एवढंच सांगणारा पाळक दगड वाटतो. देवाला आपल्या शरीराची, भाकरीची फिकीर आहे हे त्या मंडपात त्याला पहिल्यांदा कुणीतरी सांगतं, आणि ते खोटं नाही. येशूने लोक जेवू घातले, कुष्ठरोग्याला हात लावला. आपण जे सांगायचं सोडून दिलं त्याची जागा त्यांनी भरली. लोझान या जगभरातल्या इव्हँजेलिकलांच्या चळवळीतल्या आफ्रिकी अभ्यासकांनी २००८ आणि २००९ मध्ये घानातल्या अक्रोपाँग इथे बसून या शिकवणीवर निवेदन तयार केलं, ते मला म्हणूनच आवडतं. तिच्या तळाशी असलेली गरिबीची कळ त्यांनी नाकारली नाही. देवाच्या कृपेचं आणि सामर्थ्याचं बायबलमधलं खरेपण मान्य केलं, आणि मग ठामपणे सांगितलं की संपत्तीवरून देवाचा आशीर्वाद मोजणं ही भूल आहे. त्यांच्या चर्चमधून, त्यांच्या माणसांबद्दल बोललेलं ते आहे. अमेरिकन प्राध्यापकाने न्यूयॉर्कमधून झोडपणं वेगळं.

न्यूयॉर्कवरून तिसरा आठवला. टिमथी केलर यांनी १९८९ मध्ये मॅनहॅटनमध्ये रिडीमर चर्च सुरू केलं. शिकलेले, शंकेखोर, घाईत असलेले श्रोते. २००५ च्या सुमारास त्यांनी आणि बायबलचे अभ्यासक डी. ए. कार्सन यांनी समविचारी पाळक जमवले, त्यातून गॉस्पेल कोअॅलिशन ही संघटना उभी राहिली, आणि तरुण पाळकांच्या एका पिढीने सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनची वाट पुन्हा धरली. यांचं म्हणणं असं की सगळं बायबल ख्रिस्ताकडे जातं, म्हणून कुठलाही उपदेश ‘चांगले व्हा’ यावर संपता कामा नये.

दावीद आणि गल्याथ घ्या, मेंढपाळ पोराने गोफणीने धिप्पाड योद्ध्याला पाडल्याची गोष्ट. मी पहिल्यांदा त्यावर बोललो तेव्हा ‘तुमचा गल्याथ कोण?’ असं विचारलं होतं आणि पाच गोट्यांना पाच नावं दिली होती: प्रार्थना, वाचन, संगती, साक्ष, आणि पाचवं आता आठवत नाही. पोरांनी पाठ केलं, मला फार बरं वाटलं. केलर यांच्या प्रवाहाने मला विचारलं: या गोष्टीत तू दावीद कसा? तू तर डोंगरावर थरथरणाऱ्या फौजेत उभा आहेस. लढाई दुसऱ्याने, तुझ्या वतीने, एकट्याने जिंकली आणि लुटीला तू धावलास. त्या दिवशी माझ्या समासातला कर्ता बदलला. त्याबद्दल मी या मंडळींचा ऋणी आहे.

पण हल्ली विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना कंटाळा येतो तोही याच प्रवाहाचा. कीर्तनाच्या शेवटी आरती यावी तसा शेवटच्या चार मिनिटांत क्रूस येतो, मधल्या उताऱ्यात काहीही असो. आमोस संदेष्टा गरिबाला पायताणाच्या जोडीसाठी विकणाऱ्यांवर चवताळलाय, आणि आमचा विद्यार्थी ‘आपण सगळेच पापी आहोत, पण येशूने...’ म्हणून तो विस्तव विझवतो. ख्रिस्त कर्ता आहे, कबूल. पण आमोसाचा आवाज दाबून त्याला कर्ता केलं तर तोही उताऱ्यावर अन्यायच.

राहिला पहिला, वचनामागून वचन जाणारा. हा धीराचा खेळ आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर चॅपलमध्ये मार्टिन लॉइड-जोन्स यांनी १९५५ पासून शुक्रवारी रोमकरांस पत्र शिकवायला घेतलं. १९६८ मध्ये आजारपणामुळे थांबले तेव्हा ते चौदाव्या अध्यायाच्या सतराव्या वचनात होते. कॅलिफोर्नियात जॉन मॅकआर्थर यांनी १९६९ मध्ये एका चर्चची जबाबदारी घेतली आणि तिथेच २०११ पर्यंत सगळा नवा करार संपवला. याचा मोठा फायदा म्हणजे प्रचारकाला आवडीची वचनं निवडता येत नाहीत. घटस्फोट आला की घटस्फोटावर बोलावं लागतं, पैसा आला की पैशावर.

मीही तरुणपणी हे एका खेड्यात करून पाहिलं. रोमकरांस पत्रच घेतलं, दुसरं कुठलं घेणार! दिवाळीच्या आसपास निम्मी मंडळी ऊसतोडीला गेली. ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतली तेव्हा एक वडील मला म्हणाले, “पाळकसाहेब, आम्ही गेलो तेव्हा पौल तिसऱ्या अध्यायात होता. आता पाचव्यात आहे. चौथ्यात काय झालं ते कोयत्याला कोण सांगणार?” मला त्या दिवशी कळलं की माझी पद्धत पगारी नोकरी आणि हक्काचा रविवार असलेल्या माणसासाठी बेतलेली होती. तेव्हापासून मी खेड्यात तेच करतो, पण पुस्तकं लहान घेतो. रूथ, योना, फिलिप्पैकरांस पत्र. चार ते सहा रविवारांत पुस्तक संपतं, आणि हंगाम बघून सुरू करतो.

या यादीत नसलेला एक प्रवाह तुम्ही ऐकला नसेल, कारण तो व्हिडिओत फारसा चालत नाही. १९७१ मध्ये उपदेश शिकवणारे अमेरिकन प्राध्यापक फ्रेड क्रॅडॉक यांनी म्हटलं की निष्कर्ष आधी सांगून मग पुरावे देण्यापेक्षा श्रोत्याला सोबत घेऊन चाला, निष्कर्ष त्याला सापडू द्या. ते स्वतः इव्हँजेलिकल गोटातले नव्हते, पण त्यांची गोष्टीरूप पद्धत तिथेही झिरपली. अमेरिकेत हे नवं वाटलं. अहमदनगरच्या ख्रिस्ती लोकांना वाटलं नसतं. एकोणिसाव्या शतकातच कृष्णराव सांगळे आणि पुढे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये पद. श्रोता हसतो, रडतो, गातो आणि घरी जाताना गुणगुणतो. आपण ते अडगळीत टाकलं आणि आता परदेशी व्हिडिओतून ‘स्टोरीटेलिंग’ शिकतो. मला याचा राग येतो, लपवत नाही.

तुम्ही पुढे विचारलंय की त्यांचे उपदेश भाषांतर करून वापरले तर चालतील का, आणि एआयकडून लिहून घेतले तर? २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाचे, सदर्न बॅप्टिस्टांचे, नवे अध्यक्ष निवडून आले आणि काही दिवसांतच त्यांच्या आणि आधीच्या अध्यक्षांच्या उपदेशांचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून लोकांनी दाखवले. दोघांचे शब्द मोठ्या प्रमाणात सारखे होते. त्यांनी सांगितलं की परवानगी घेतली होती, पण श्रेय दिलं नाही याबद्दल माफी मागितली. उतारा कळायला मदत घ्या. मीही टीकाग्रंथ उघडतो, ते काय वेगळं? पण ज्या माणसाने तुमच्या मंडळीतल्या एकाचंही पाणी प्यायलेलं नाही, त्याने लिहिलेलं ‘तुम्ही’ तुमच्या तोंडी शोभत नाही. मी एकदा बेसबॉलचा दृष्टांत जसाच्या तसा वापरला होता. पुढच्या बाकावरच्या आजीने उपासनेनंतर विचारलं, “ते तिसऱ्या तळावर काय होतं रं, विहीर का?”

आता ३१ डिसेंबर. यिर्मया २९:११ हे आपल्याकडचं सर्वांत जास्त छापलेलं वचन असावं. कॅलेंडर, मग, रिक्षाची मागची काच. हिताचे संकल्प, अनिष्टाचे नाहीत, भविष्याची आशा. पण ते वचन एका पत्रातलं आहे, आणि पत्र पहिल्या वचनापासून वाचायचं असतं. यरुशलेमहून यिर्मयाने ते बाबेलला पाठवलंय, ज्यांना हाकलून नेलं होतं त्यांना. दहावं वचन वाचल्याशिवाय अकरावं वाचू नका: सत्तर वर्षं. म्हणजे ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा वाचून घेतलं त्यातले बहुतेक जण बाबेलच्या मातीतच पुरले जाणार होते. आणि इकडे यरुशलेमात एक संदेष्टा लोकांना सांगत होता की काळजी नको, नेलेले लोक दोन वर्षांत परत येतील. अठ्ठाविसावा अध्याय वाचा, त्याचं नाव हनन्या. तो लोकांना आवडायचा.

शिवाय आपल्या भाषेने एक देणगी दिलीय, ती वापरा. इंग्रजीत ‘यू’ एकाला की अनेकांना, कळत नाही. आपल्या बायबलमध्ये एकट्याला ‘तू’ म्हणतात, मोशेला तू, पेत्राला तू. मग इथे ‘तुमच्याविषयी’ का? कारण ते अनेकवचन आहे, हिब्रूतही. रिक्षाच्या काचेवर तेच आदरार्थी वाटतं, जणू देव एकेका साहेबाशी बोलतोय. वचन एका लोकसमूहाला आहे. माझ्या प्रमोशनला नाही. पण मी त्या समूहात असेन तर मलाही आहे, सत्तर वर्षांच्या हिशेबाने.

त्या पत्रातली क्रियापदं लाल पेन्सिलने बघा. चौथ्या वचनात देव म्हणतो, मी त्यांना बंदिवासात नेलं. कर्ता देव, आणि अवघड क्रियापद. मग पाचवं ते सातवं: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या नगराच्या! मग अकरावं. आधी त्याचं ‘नेलं’, मग तुमचं ‘बांधा’, मग पुन्हा त्याचे संकल्प.

तुमच्या मंडळीतली निम्मी पोरं पुण्याला आणि चाकणला कंत्राटी कामावर असतात, असं तुम्ही लिहिलंय. त्या रात्री ती गावी आलेली असतील, दोन तारखेला परत जातील. भाड्याच्या खोलीत बाग लावायची म्हणजे काय, हे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल, नाहीतर २५ तारखेच्या जेवणात त्यांच्या शेजारी बसून विचारा. मग शुक्रवारी रात्री टेबलाशी बसा. आणि वीस मिनिटांतच संपवा, बाराला घंटा वाजवायची असते.